पुरावा कपाटाखाली गेला तेव्हा

संपादकांचा फोन आला, "वसुधाताई, दिवाळी अंकासाठी लिहा ना, न्यायासनावरचे अनुभव." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडले, कारण न्यायासन म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतंच. एक फिरती खुर्ची होती. तिचं एक चाक अडायचं. डावीकडे वळताना ती गप्प असे, उजवीकडे वळलं की मोठ्याने कण्हायची, आणि प्रतिवादी बसायचे उजवीकडे. मी तोंड उघडायच्या आधीच आपल्याबद्दल मत वाईट झालंय असं किती प्रतिवाद्यांना वाटलं असेल, देव जाणे. नवी खुर्ची मागणारा अर्ज मी तीनदा भरला. मी निवृत्त झाले तेव्हा तो विचाराधीन होता.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्याकडे हातोडा नव्हता. इंग्लंडमधल्या कुठल्याच न्यायाधीशाकडे तो नसतो, पण भारतातल्या नातेवाइकांना हे पटवणं अशक्य. माझ्या धाकट्या बहिणीने पुण्याहून येताना सागवानी हातोडा करून आणला, पितळी पट्टी आणि त्यावर माझं नाव. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तो घेतला. आमच्याकडे दर ख्रिसमसला त्याने अक्रोड फोडतात.

माझा नवरा, अनिल, भूलतज्ज्ञ. त्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी आले, पुण्याची वकिलीची पदवी ट्रंकेत तळाशी घालून. इथे पुन्हा परीक्षा दिल्या, लंडनच्या हॅरो भागात बरीच वर्षं सॉलिसिटर म्हणून लोकांची घरं आणि घटस्फोट सांभाळले, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काउंटी कोर्टात नेमणूक झाली. तेव्हा आमच्या पदाला रजिस्ट्रार म्हणत. सासूबाई कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होत्या की सूनबाई लग्नं लावते. पुढे नाव बदलून डिस्ट्रिक्ट जज्ज झालं तेव्हा त्यांना वाटलं मला बढती मिळाली. मी खुलासा केला नाही.

काउंटी कोर्ट म्हणजे खून, दरोडे वगैरे काही नाही. तिथे माणसं माणसांवर रागावून येतात. गळकं छप्पर, वाकडं कुंपण, लग्नात फाटलेला तंबू, केसांना लागलेला भलताच रंग. लहान दाव्यांना वकील नसत. एका टेबलाभोवती तिघं बसायचो, दोघं भांडणारे आणि मी. ना विग, ना झगा. मला 'मॅडम' म्हणायचं असतं, पण हे कुणाला माहीत असणार? मला लोकांनी 'युवर वर्शिप' म्हटलं, 'मिस' म्हटलं, एका नळवाल्याने 'लव्ह' म्हटलं आणि एका घाबरलेल्या केशकर्तनकाराने पाऊण तास 'युवर मॅजेस्टी' म्हटलं. शेवटी मी त्याच्या विरुद्ध निकाल दिला तेव्हा तो वाकून "थँक यू, युवर मॅजेस्टी" म्हणाला, आणि मला क्षणभर फार बरं वाटलं.

आमचं कोर्ट लंडनबाहेर जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वे लाइनच्या पार टोकाकडच्या एका गावात, कार्पेटच्या दुकानाच्या वर होतं. पहिल्या मजल्यावर खरी कोर्टरूम, तिथे विग घालणारे मोठे जज्जसाहेब बसत. मी दुसऱ्या मजल्यावर. माझा सगळा कारभार ब्रेंडा बघायची. ती कोर्टाची अशर, म्हणजे पक्षकारांना हाका मारणं, आत आणणं, रडणाऱ्यांना टिश्यू आणि ओरडणाऱ्यांना पाणी देणं हे तिचं काम. पन्नाशीची, ठेंगणी, काळ्या गाउनवर घरी विणलेला कार्डिगन. त्या इमारतीत खरा दरारा तिचाच होता.

एका मंगळवारी ब्रेंडाने हाक मारली आणि आत आले आमचे डॉक्टर साठे. हॅरोतले, मंडळाच्या गणपतीला आरतीत सर्वात मोठा आवाज यांचा. त्यांनी कुंपणवाल्यावर दावा लावला होता आणि यादीत 'डी. साठे' एवढंच होतं, माझ्या लक्षातच आलं नाही. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! वहिनी! तुम्ही आहात होय?" ते शुद्ध मराठीत म्हणाले, आणि खुर्ची ओढून अशा ऐसपैस थाटात बसले की आता चहाच यायचा बाकी. मग समोरच्या कुंपणवाल्याकडे वळून इंग्रजीत, अगदी मायेने म्हणाले, "नो प्रॉब्लेम नाउ. शी इज लाइक माय सिस्टर-इन-लॉ."

कुंपणवाला पांढरा पडला. तो आधीच बऱ्यापैकी पांढरा होता.

मी सांगितलं की मी डॉक्टर साठेंना ओळखते, म्हणून हे प्रकरण मला ऐकता येणार नाही, दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल. साठे भाऊजींना वाटलं मी नाटक करतेय. ते मराठीत हळूच म्हणाले, "बरोबर आहे वहिनी, वरवर असं दाखवावंच लागतं."

"भाऊजी, मी खरंच सांगतेय. बाहेर बसा."

"अहो पण मी रजा काढून आलोय! आपलं माणूस असून..."

"आपलं माणूस आहे म्हणूनच."

त्यांनी त्या वर्षी गणपतीला माझ्या हातचा प्रसाद घेतला नाही. त्यांच्या मिसेस मला बाथरूममधून फोन करायच्या, भाऊजींना कळू नये म्हणून. तीन महिन्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांकडे ते दावा जिंकले, आणि मग हॅरोभर सांगत सुटले, "शेवटी न्याय दिला तो इंग्रजाने. आपल्या माणसाने हाकलून दिलं होतं." यावर उत्तर देता येत नाही, कारण दोन्ही वाक्यं खरी आहेत.

पण मला सांगायचं आहे ते मॉरिसबद्दल.

ऑगस्टअखेरची गोष्ट. ब्रेंडा फाइल ठेवताना म्हणाली, "मॅडम, पुढच्या प्रकरणात पुरावा जिवंत आहे."

वादी मिस्टर पिल्चर. सत्तरी ओलांडलेले, बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. अंगावर काळा सूट, बहुधा गेल्या कुठल्यातरी अंत्ययात्रेनंतर प्रथमच बाहेर काढलेला. प्रतिवादी मिस ऑर्मरॉड, त्यांच्या शेजारीण. पियानो शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ बसणाऱ्या, डोक्यावर हॅट. त्यांनी हॅट ठेवायचा एक मोठा गोल डबा आणला होता, झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेला. तो त्यांनी जमिनीवर पायाशी ठेवला. आत कासव होतं.

वाद एवढाच की हे कासव कुणाचं.

मिस्टर पिल्चरांचं म्हणणं, हा मॉरिस. त्यांची बायको डोरीन, तिच्या लहानपणापासूनचा. लग्न झालं तेव्हा डोरीन दोन सुटकेसा आणि मॉरिसला घेऊन घरी आली. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मॉरिस नाहीसा झाला. डोरीनने सगळी बाग पालथी घातली, पुढच्या वसंतात ती गेली. आणि या जूनमध्ये कुंपणातल्या फटीतून मिस्टर पिल्चरांना शेजारच्या बागेत मॉरिस दिसला, स्ट्रॉबेरी खाताना.

मिस ऑर्मरॉड म्हणाल्या, "मॅडम, हे कासव चार वर्षांपूर्वी माझ्या पुढच्या फाटकातून आत आलं. रस्त्याच्या बाजूने, यांच्या बाजूने नाही. मी पोस्ट ऑफिसच्या खिडकीत चिठ्ठी लावली. कुणी आलं नाही. मी याला वाढवलंय. आणि याचं नाव प्रोफेसर आहे."

"आम्ही पोस्टात जातच नव्हतो तेव्हा," मिस्टर पिल्चर म्हणाले. "डोरीन आजारी होती."

"तुम्ही मला विचारू शकला असता. मी भिंतीपलीकडे राहते, चंद्रावर नाही."

"तुम्ही तीस वर्षांत आमच्याशी बोलला नाहीत!"

"तुमच्या मोटरसायकलच्या आवाजात कोण बोलणार?"

कायदा सोपा होता. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची, पण खरा मालक आला तर त्याची. तेव्हा प्रश्न एकच, हा मॉरिस आहे की नाही. मिस्टर पिल्चरांनी एक जुना फोटो दिला. त्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी हातात काहीतरी धरून उभी होती. ते कासव असावं. पाव असता तरी फोटो तसाच दिसला असता.

"याची काही खूण?" मी विचारलं.

"आहे ना. पाठीच्या मागच्या कडेला एक भोक आहे. डोरीनच्या वडिलांनी पाडलं होतं, दोरी बांधायला. हरवू नये म्हणून."

इतकी नेमकी खूण ऐकून मला उत्साह आला. न्यायाधीशाला असं काही फार क्वचित मिळतं. मी म्हटलं, "मिस ऑर्मरॉड, डबा उघडता का?"

त्यांनी खाली वाकून डबा उचलला. झाकण बाजूला सरकलेलं होतं. आत गवत होतं, दोन पानं होती, कासव नव्हतं.

पुढचा पाऊण तास इंग्लिश न्यायदानाच्या इतिहासात नोंदला गेला नसला तरी मी विसरलेले नाही. ब्रेंडाने दाराला पाठ लावून जाहीर केलं की तिच्या देखत कोणीही खोलीबाहेर गेलेलं नाही. म्हणजे पुरावा आतच होता. खोलीत जमिनीवर सगळीकडे फाइलींचे गठ्ठे, तीन कपाटं आणि एक जुना रेडिएटर. मिस्टर पिल्चर गुडघ्यांवर बसले. मिस ऑर्मरॉडनी हॅट काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि त्याही बसल्या. मी साडीवर नव्हते हे नशीब. मीही बसले.

"मॉरिस! मॉरिस, बेटा!"

"त्याला त्या नावाने कळत नाही. प्रोफेसर!"

"मिस्टर पिल्चर, तो तुमचा बूट जरा सरकवा," मी म्हटलं.

"तिकडे अंधारात बघा, अंधारात. त्याला कोपरे आवडतात."

"मला माहीत आहे त्याला काय आवडतं."

"हो? तुमच्याकडेही जायचा का बुटांच्या कपाटात?"

"रोज दुपारी," मिस ऑर्मरॉड म्हणाल्या.

माझ्या ध्यानात आलं की कोर्टात आल्यापासून ती दोघं पहिल्यांदाच भांडायचं सोडून एकमेकांशी बोलत होती. पण ते मनात नोंदवायला वेळ नव्हता, कारण ब्रेंडाला बाजूला ढकलत दार उघडलं आणि खालचे मोठे जज्जसाहेब विग, झगा अशा संपूर्ण पोशाखात दारात उभे राहिले. त्यांना माझ्याकडून एक पुस्तक हवं होतं. त्यांना काय दिसलं? कार्डिगनमधली अशर भिंतीला चिकटलेली, आणि डिस्ट्रिक्ट जज्ज दोन्ही पक्षकारांसह चार पायांवर.

"काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

"पुरावा," मी टेबलाखालून म्हणाले.

"अस्सं," ते म्हणाले. त्यांनी झगा सावरला. "दाराकडे यायला लागला तर अडवू का?" आणि ते खरोखरच पाय जोडून दारात उभे राहिले.

शेवटी कोपऱ्यातल्या कपाटाखाली मिस्टर पिल्चरांचा हात कशाला तरी लागला. कासव तिथे एका जुन्या गठ्ठ्याची गुलाबी फीत शांतपणे चावत होतं. आमच्याकडे कागद गुलाबी फितीने बांधतात आणि कासवांना तो रंग फुलांसारखा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या फाइलवर मला स्वहस्ते शेरा लिहावा लागला, 'फीत अन्य प्रकरणातील पुराव्याने खाल्ली.' मुख्य कार्यालयाने दोनदा पत्र पाठवून स्पष्टीकरण मागितलं.

आम्ही सगळे धूळ झटकून जागेवर बसलो. कासव टेबलावर ठेवलं. पाठीच्या मागच्या कडेला खरंच एक गोल भोक होतं. मी माझ्या पेन्सिलीचं टोक त्यात घातलं, ते पलीकडे निघालं.

मिस्टर पिल्चरांच्या तोंडून एक आवाज आला. हसण्याचा नव्हता, रडण्याचाही नव्हता. त्यांनी कासवाला हात लावला नाही, फक्त फोटो उचलून खिशात ठेवला.

"मिस ऑर्मरॉड," मी म्हटलं, "यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

त्या मिस्टर पिल्चरांकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "नाही, मॅडम."

मी निकाल दिला. अगदी मुद्देसूद. सापडणाऱ्याचा हक्क, मालकाचा हक्क, आणि खूण, जी वादीने पुरावा बघण्याआधीच अचूक सांगितली. कासव मिस्टर पिल्चरांचं. माझी मीच खूश होते. ब्रेंडाने दोघांना बाहेर नेलं आणि परत येऊन चहा ठेवला.

"भोक निघालं वाटतं," ती म्हणाली.

"निघालं ना! बरोबर त्याच जागी."

"हं," ब्रेंडा कपात दूध ओतत म्हणाली. "आमच्या आजीच्या कासवालाही होतं. शेजारच्यांच्याही. तेव्हा सगळेच पाडायचे, मॅडम. दोरी बांधायची म्हणून. आमच्या गल्लीत भोक नसलेलं कासव मी पाहिलेलं नाही."

मी चहा बाजूला ठेवून माझाच निकाल पुन्हा वाचायला घेतला.

वीस वर्षं मी या देशात होते. इथल्या कायद्याच्या परीक्षा दिल्या होत्या, इथल्या लोकांचे संसार मोडून आणि घरं विकून दिली होती. पण इथल्या आजोबांनी कासवांच्या पाठीला भोकं पाडली होती हे कुठल्या पुस्तकात असणार? ती खूण नव्हतीच. पुण्यातल्या एखाद्या बाईला तिच्या कानांच्या भोकांवरून ओळखल्यासारखा निकाल मी दिला होता.

घरी येऊन अनिलला सांगितलं. तो हसत सुटला.

"हसू नकोस. माझी चूक झालीय."

"अगं, आमच्याकडे चूक झाली तर पेशंट उठत नाही. तुझ्याकडे चूक झाली तर कासव शेजारी राहायला जातं."

"तिने चार वर्षं सांभाळलंय रे त्याला."

यावर तो हसायचा थांबला. निकाल दिल्यावर तो न्यायाधीशाला फिरवता येत नाही. आपल्याला उशिरा अक्कल आली हे त्याचं कारण होऊ शकत नाही. अपील करायचं तर मिस ऑर्मरॉडनी, चौदा दिवसांत. ते चौदा दिवस मी रोज सकाळी ब्रेंडाला विचारत होते, आणि रोज मनात म्हणत होते, करा हो बाई अपील, एकदा करा. आपल्याच निकालाविरुद्ध अपील यावं म्हणून वाट बघणारी न्यायाधीश मी एकटीच असेन. अपील आलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रेंडाने दारातून डोकं घातलं. "मॅडम, कासववाल्या बाई खाली आल्यात. फक्त एक प्रश्न विचारायचाय म्हणतात."

एका पक्षाला एकटं भेटायचं नसतं. पण प्रकरण संपलेलं होतं, मुदतही गेलेली होती. मी दार सताड उघडं ठेवलं, ब्रेंडाला आत उभं केलं आणि त्यांना बोलावलं. त्या आल्या, तशाच ताठ, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बसल्या नाहीत.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "मिस ऑर्मरॉड, ते भोक. अशी भोकं बऱ्याच कासवांना असतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थातच. माझ्या वडिलांनी स्वतः तीन कासवांना पाडली होती. मीच धरायचे."

"मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? सगळा निकाल त्यावर होता."

त्यांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"मी सांगणारच होते. वाक्य तयार होतं माझं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पेन्सिल घातलीत तेव्हा मी मिस्टर पिल्चरांचा चेहरा पाहिला. त्यानंतर ते वाक्य मला बोलता येईना. आता त्याबद्दल मला दंड वगैरे आहे का?"

"नाही," मी म्हटलं. ब्रेंडा खिडकीबाहेर बघत होती.

"ठीक. तर माझा प्रश्न. थंडी सुरू झालीय. त्याला आता हिवाळाभर झोपवायला हवं, गवताच्या पेटीत, गार शेडमध्ये. मिस्टर पिल्चरांनी त्याला स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी ठेवलंय, मला खिडकीतून दिसतं. त्यांना वाटतं त्याला थंडी वाजेल. डोरीन सगळं करायची, यांना काही माहीत नाही. उबेत ठेवलं तर तो धड झोपणार नाही, धड खाणार नाही. वसंतापर्यंत टिकायचा नाही. कोर्टाला तसा हुकूम काढता येतो का, पेटी शेडमध्ये ठेवा म्हणून?"

"नाही हो," मी म्हटलं. "मालक ते आहेत. कोर्ट यात काहीच करू शकत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "म्हणजे तीस वर्षांनी मलाच त्यांचं दार वाजवावं लागणार."

ब्रेंडा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्या मला विचारत होत्या, पुरुषांच्या घरी पहिल्यांदा जाताना केक नेतात की नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कोर्ट यात काहीच करू शकत नाही. पण न्या."